गॅलरीची बेल वाजवायची की नाही?

मागच्या महिन्यात एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. पाठीमागे अंधेरी स्टेशनची अनाउन्समेंट ऐकू येत होती. प्रश्न असा: 'इन्स्टावर एका आर्ट गॅलरीची पोस्ट दिसली. प्रदर्शन आहे, शेवटच्या दिवशी बुक सायनिंग आहे, प्रवेश मोफत लिहिलंय. खरंच मोफत असतं का? काही विकत घ्यावं लागतं का? आणि जाताना कपडे काय घालायचे?'

तिसऱ्या प्रश्नाला मी हसले आणि मग गप्प झाले. कारण सहा वर्षांपूर्वी नेमका हाच प्रश्न डोक्यात घेऊन मी एका गॅलरीच्या बंद दारापासून परत फिरले होते. म्हणून आजचा भाग यावर. ज्यांना लोकलमध्ये ऐकता येत नाही त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलताना घातलेले दहा-बारा 'म्हणजे ना' काढून टाकलेत, बाकी तसंच आहे.

तर ते दार. कुलाबा, फोर्ट, काळा घोडा इथल्या बऱ्याच खासगी गॅलऱ्या जुन्या इमारतींमध्ये वरच्या मजल्यांवर असतात. खाली छोटीशी पाटी. वर लाकडी जिना, दमट भिंत, बंद दार आणि दाराला बेल. आपल्याला काय वाटतं? की हे कुणाचं तरी घर आहे आणि आपल्याला बोलावलेलं नाही. मी दोन मिनिटं उभी राहिले, आतून कुणाचं तरी इंग्रजी हसणं ऐकू आलं, आणि मी खाली उतरून वडापाव खाल्ला. बोरिवलीहून तास-सव्वा तास प्रवास करून वडापाव.

ती बेल का असते, ते मला खूप नंतर कळलं. आत दोन किंवा तीनच माणसं काम करतात, एसी चालू असतो आणि भिंतीवर लाखोंचा माल टांगलेला असतो. बस, इतकंच. बेल वाजवली की दार उघडतं, आणि उघडणारं माणूस बहुतेक वेळा तुमच्याच वयाचं असतं. 'नुसतं बघायचंय' एवढं वाक्य पुरतं. तेही नाही बोललात तरी चालतं.

आता पहिला मुद्दा. आपण 'गॅलरी' हा एकच शब्द तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

जहांगीर आर्ट गॅलरी तुम्हाला माहीत आहे, शाळेच्या सहलीत तरी गेला असाल. १९५२ सालची. तिथले हॉल चित्रकाराला भाड्याने घ्यावे लागतात. अर्ज करायचा, निवड झाली की नंबर लागायची वाट बघायची, आणि ही वाट काही वर्षांची असते. मग मिळतो एक आठवडा. फ्रेम, वाहतूक, निमंत्रणपत्रिका, उद्घाटनाचा चहा, सगळं चित्रकाराच्या खिशातून. म्हणून तर जहांगीरमध्ये चित्रकार स्वतः खुर्ची टाकून बसलेला दिसतो. सात दिवसांत जे काही व्हायचं ते त्याचं त्यालाच करायचं असतं. आपल्यासाठी हे भारीच आहे म्हणा, थेट जाऊन विचारता येतं की हा निळा कसा केला. बाहेर फुटपाथवर चित्रं मांडून बसणारे तर आणखी मोकळे बोलतात.

त्याच चौकात नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट आहे. जुन्या सर कावसजी जहांगीर हॉलमध्ये १९९६ पासून. ती सरकारी. तिकीट काढायचं, बघायचं. विकायला काहीच नाही.

तिसरा प्रकार म्हणजे खासगी, स्वतंत्र गॅलरी. बेलवाली. ती चित्रकाराकडून भाडं घेत नाही. ती चित्रकार निवडते, त्याच्यासोबत वर्षानुवर्षं काम करते, प्रदर्शनाचा खर्च बहुतेक स्वतः उचलते, आणि चित्र विकलं गेलं तरच तिला पैसे मिळतात. साधारण एक तृतीयांश ते निम्मा हिस्सा. निम्मा ऐकून दचकायला होतं, मीही दचकले होते. पण आमच्या क्षेत्रात स्टार्टअपवर पैसे लावणारे काय करतात तेच हे. दहा प्रदर्शनांतली सहा तोट्यात जातात हे धरूनच गणित मांडलेलं असतं.

म्हणजे प्रवेश मोफत असणं हा उपकार नाही. रिकाम्या गॅलरीत चित्र विकलं जात नाही. चार लोक येतात, थांबतात, फोटो काढतात, त्यावर बोलतात, वर्तमानपत्रात दोन ओळी येतात, मग एखादा संग्राहक फोन करतो. तुम्ही आणि मी त्या साखळीत आहोत. न घेता. त्यामुळे 'आपण घेणार तर नाही, मग कशाला जायचं' हा संकोच सोडून द्या. तिथल्या मुलांना तुमचे बूट बघून कळतंच की तुम्ही घेणार नाही, आणि त्यांना त्याचं काही वाटत नाही.

कपड्यांचा प्रश्न इथेच मिटला.

मुंबईत हा स्वतंत्र गॅलरीचा प्रकार रुजला कसा, याची गोष्ट मला फार आवडते, कारण ती फ्रेमच्या दुकानातून सुरू होते. केकू गांधी नावाचे पारशी गृहस्थ, वांद्र्याच्या बँडस्टँडवर राहणारे. केंब्रिजला शिकायला गेलेले, दुसऱ्या महायुद्धामुळे इथेच अडकले. १९४१ मध्ये त्यांनी एका बेल्जियन भागीदाराबरोबर फ्रेमच्या पट्ट्या बनवण्याचा धंदा काढला, नाव केमोल्ड. आता फ्रेम विकायची तर आत काहीतरी लावायला हवं. तेव्हा आरा, हुसेन, रझा हे सगळे तरुण, कडके. १९४७ मध्ये त्यांनी सूझा, गाडे, बाकरे यांच्यासोबत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला, पण चित्रं टांगायची कुठे? गांधींनी अशा तरुण चित्रकारांची कामं दुकानात लावायला सुरुवात केली. फ्रेम बघायला आलेला माणूस चित्र बघून जायचा. १९६३ मध्ये जहांगीरच्याच पहिल्या मजल्यावर गॅलरी केमोल्ड सुरू झाली, २००७ मध्ये ती प्रेस्कॉट रोडवर गेली आणि आजही आहे. केकू गांधी २०१२ मध्ये वारले.

या गॅलरीचा एक प्रसंग आपल्या लाइनीवरचा आहे. बोरिवलीला डहाणू लोकल थांबते ना, तिच्या शेवटच्या टोकाला डहाणू. तिथल्या गंजाडजवळच्या पाड्यावर जिव्या सोमा मशे राहायचे. वारली चित्रं म्हणजे लग्नाच्या चौकाची चित्रं, ती परंपरेने बायका काढायच्या, घराच्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाने. जिव्या मशे ती रोज काढायचे, लग्न असो नसो. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार सरकारी कामासाठी त्या भागात हिंडत होते; त्यांनी वारल्यांच्या हातात कागद दिला. आणि १९७५ मध्ये जिव्या मशेंचं प्रदर्शन केमोल्डमध्ये लागलं. विचार करा, पाड्यावरची भिंत ते काळा घोडा. पुढे २०११ मध्ये पद्मश्री, २०१८ मध्ये निधन. आज तुमच्या आईच्या कुर्त्यावर, कॉफी मगवर आणि मेट्रोच्या खांबांवर जी वारली माणसं नाचतात, त्यांच्या प्रवासातला एक थांबा ही गॅलरी होती. भलं झालं की वाईट, यावर मी तासभर भांडू शकते, पण तो वेगळा भाग होईल.

बरं, आत शिरल्यावर काय काय दिसतं?

भिंतीवर चित्राशेजारी किंमत नसते. टेबलावर किमतींची यादी असते, मागितली तर बहुतेक ठिकाणी दाखवतात. यादीत किंवा लेबलवर लाल टिकली दिसली की ते विकलं गेलं. छापचित्र किंवा फोटो असेल तर एकाच लेबलवर तीन-चार टिकल्या असू शकतात, कारण त्याच्या प्रती असतात. खाली पेन्सिलने लिहिलेलं असतं ५/२५, म्हणजे पंचवीसपैकी पाचवी प्रत. पेन्सिल का? कारण शाई वर्षांनी उडते किंवा कागदात पसरते, ग्रॅफाइट तसंच राहतं. मी इतकी वर्षं समजत होते की ते कच्चं लिहिलंय, नंतर पेनने गिरवतील.

आणखी एक, जे कळल्यापासून मी कुठेही गेले तरी आधी तेच बघते. चित्रं टांगायची उंची. चित्राच्या मध्याची रेषा जमिनीपासून साधारण सत्तावन्न ते साठ इंचांवर ठेवतात. सरासरी माणसाच्या डोळ्यांची उंची म्हणून. लहान चित्र, मोठं चित्र, सगळ्यांचा मध्य एकाच रेषेत. आता ही सरासरी कुणाची, हा प्रश्न आहेच. माझी आई चार फूट अकरा इंच आहे.

एक गोष्ट पैशांबद्दल, कारण बातम्या वाचून गैरसमज होतो. २०१५ मध्ये वासुदेव गायतोंडेंचं एक चित्र मुंबईतल्या लिलावात २९ कोटींच्या वर गेलं. आपल्याला वाटतं चित्रकार किती कमावतात! गायतोंडे २००१ मध्येच गेले होते. लिलाव म्हणजे फेरविक्री. आधी ज्याने घेतलं तो आता विकतोय, पैसे त्याचे. चित्रकाराला जे मिळतं ते मुख्यतः पहिल्या विक्रीत, म्हणजे गॅलरीत. गंमत अशी की आपल्या कॉपीराइट कायद्यात कलम ५३ए आहे. दहा हजारांपेक्षा जास्त किमतीला मूळ चित्र पुन्हा विकलं गेलं, तर चित्रकाराला किंवा वारसांना दहा टक्क्यांपर्यंत हिस्सा मिळू शकतो. कायदा कागदावर उत्तम. बाजारात त्याची आठवण क्वचितच कुणाला होते.

आता पुस्तकाकडे येऊ. मूळ प्रश्न सायनिंगचा होता.

गॅलरी पुस्तकं का काढते? सरळ कारण: प्रदर्शन महिना-दीड महिन्याने उतरतं. चित्रं वेगवेगळ्या घरांत, ऑफिसांत, गोदामांत जातात आणि पुन्हा कधीच एकत्र येत नाहीत. कॅटलॉग ही त्या एकत्र असण्याची एकमेव नोंद. पुढे कुणी त्या चित्रकारावर लिहायला बसलं, किंवा एखादं चित्र खरं की नकली असा वाद झाला, की पहिल्यांदा जुना कॅटलॉग शोधतात. आम्ही कोडचे जुने व्हर्जन जपून ठेवतो, तसंच.

आणि काही वेळा पुस्तक हेच प्रदर्शन असतं. फोटोग्राफर दयानिता सिंग यांचं 'सेंट अ लेटर' हे २००८ चं काम बघा. कापडी पेटीत सात छोट्या घडीच्या पुस्तिका. पुस्तिका उघडून टेबलावर उभी केली की छोटीशी भिंत तयार, तिच्यावर फोटो. तुमच्या घरातलं फ्रिजवरचं फडताळ गॅलरी होतं. कोलकात्यात पार्क स्ट्रीटवरच्या एका सराफाच्या शोकेसमध्ये त्या मांडलेल्या होत्या, रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसतील अशा. बेल नाही, जिना नाही.

त्याच्याही आधी, १९६३ मध्ये, अमेरिकेत एड रुशे नावाच्या चित्रकाराने सव्वीस पेट्रोल पंपांचे फोटो एका साध्या पुस्तकात छापले. सव्वीस पंप, बाकी काही नाही. पहिल्या ४०० प्रतींवर त्याने क्रमांक टाकले, आणि लवकरच म्हणाला की ते चुकलंच. कारण त्याला दुर्मीळ वस्तू करायची नव्हती, कुणीही उचलावी अशी स्वस्त वस्तू करायची होती. मला हे फार पटतं. पण आज त्या क्रमांकाच्या प्रती संग्राहक भलत्या किमतीला घेतात, म्हणजे त्याची भीती खरी ठरली.

मुंबईत तर पुस्तक आणि चित्र हे जुने शेजारी. अरुण कोलटकर जे. जे.मध्ये शिकलेले, पोटापाण्यासाठी जाहिरातींचं ग्राफिक डिझाइन करणारे. त्यांचं 'जेजुरी' १९७६ मध्ये क्लिअरिंग हाउसने काढलं. ही कवींनी मिळून चालवलेली प्रकाशनसंस्था, आणि तिच्या मुखपृष्ठांची कामं कोलटकर करायचे. त्याच गटातले गीव्ह पटेल डॉक्टर, कवी, नाटककार आणि चित्रकारही. मराठीतलं विचाराल तर प्रभाकर बरवे यांचं 'कोरा कॅनव्हास', मौजेने १९९० मध्ये काढलेलं. चित्रकाराने स्वतः, आपल्या भाषेत, चित्र कसं सुचतं यावर लिहिलंय. अवघड वाटलं तर रोज दोन पानं वाचा. मला आठ महिने लागले.

तर सायनिंगचं टेबल. काय करायचं, काय नाही, माझ्या चुकांवरून सांगते.

पुस्तक विकत घ्यावंच लागतं का? कार्यक्रम ऐकायला नाही. सही हवी असेल तर अर्थातच पुस्तक हवं. घरून आणलेली जुनी प्रत बहुतेक ठिकाणी चालते, पण तिथलं नवं पुस्तक घेतलंत तर त्या गॅलरीला हातभार लागतो. रांगेत उभं राहण्याआधी सहीचं पान उघडून ठेवा, शीर्षकाचं पान, मुखपृष्ठाच्या आतलं रंगीत नाही. नाव घालून हवं असेल तर चिठ्ठीवर लिहून द्या. गोंगाटात 'मृण्मयी' ऐकून काय लिहिलं जातं याचे पुरावे माझ्या मैत्रिणीकडे आहेत. आणि महत्त्वाचं: कलेची पुस्तकं गुळगुळीत आर्ट पेपरवर छापलेली असतात. त्यावर जेल पेनची शाई वाळत नाही. लगेच मिटलंत की समोरच्या पानावर आरशातली सही. माझ्या पहिल्या कॅटलॉगमध्ये तेच झालंय. खडबडीत पान असेल तर तिथे घ्या, नाहीतर मध्ये बटर पेपर ठेवा, पाच मिनिटं उघडं धरून उभं राहा. तेवढ्यात भिंत बघून होते.

सहीने किंमत वाढते का? नुसत्या सहीने थोडीफार, पुढेमागे. 'अमक्याला प्रेमपूर्वक' लिहिलं की बाजारात ती कमीच होते, जर तो अमका स्वतः प्रसिद्ध नसेल तर. तरीही मी नाव घालूनच घेते. विकायची कुणाला आहे?

आता एक तक्रार, आणि ही तुमच्या-माझ्या सगळ्यांची. हे सगळं दक्षिण टोकालाच का? कारण जुनं आहे: जे. जे. तिथे, जहांगीर तिथे, घेणारे मलबार हिल आणि कफ परेडला. एकदा चार गॅलऱ्या चालत जाण्याच्या अंतरावर आल्या की पाचवीला दुसरीकडे जाणं परवडत नाही, कारण संग्राहक एका दुपारी सगळ्या बघून जातो. सुधीर पटवर्धनांनी ठाण्यात तीसेक वर्षं रेडिओलॉजिस्टचं काम करत लोकल, उल्हासनगर, पोखरण रोड रंगवला. आपली गर्दी, आपली खिडकीची सीट. आणि ती चित्रं बघायला आपण गाडी पकडून जायचं कुठे, तर फोर्टात. याला काय म्हणायचं? त्यांनीच मग २००८-०९ मध्ये 'विस्तारणारी क्षितिजे' हे आधुनिक चित्रकलेचं फिरतं प्रदर्शन महाराष्ट्रातल्या शहरांत नेलं होतं.

उपनगरांत अगदीच काही नाही असंही नाही. १८८८ ची बॉम्बे आर्ट सोसायटी आता वांद्रे रेक्लमेशनला स्वतःच्या इमारतीत आहे. खारच्या चुईम गावात कॅम्प या कलाकारगटाची जागा, गच्चीवर फिल्म दाखवणारी. वर्सोव्याला हरकत स्टुडिओ, जिथे सोळा मिलिमीटरच्या जुन्या फिल्मवर अजून जीव टाकतात. पुस्तकांच्या बाबतीत पार्ले आधीपासून पुढे. लोकमान्य सेवा संघ १९२३ चा, आणि मॅजेस्टिक गप्पांना लेखकाला भेटायला फोर्ट गाठावं लागत नाही. पण बोरिवली, मुलुंड, घाटकोपरला रोज उघडी असणारी, चित्रकार निवडून त्याच्यामागे उभी राहणारी गॅलरी? मी शोधतेय. तुम्हाला दिसली तर व्हॉइस नोट टाका. तोपर्यंत जानेवारीतला मुंबई गॅलरी वीकेंड लक्षात ठेवा. त्या दिवसांत सगळीकडे गर्दी असते, दारं उघडीच असतात, बेलचा प्रश्नच येत नाही.

शेवटचं, थोडं घरचं. त्या वडापावनंतर तीन-चार महिन्यांनी ऑफिसमधल्या एका मैत्रिणीबरोबर मी पुन्हा गेले. बेल तिने वाजवली. त्या दिवशी चित्रकार बाई कॅटलॉगवर सह्या करत होत्या. पाचशे रुपयांचा कॅटलॉग, महिनाअखेर, मी घेतला आणि म्हटलं, आईच्या नावाने द्या. त्यांनी विचारलं, आई चित्रं काढतात? मी म्हटलं, आता नाही, पण इंटरमिजिएटला ए ग्रेड होती. तुमच्यातल्या किती जणांनी दहावीच्या सात मार्कांसाठी ती परीक्षा दिली असेल! आईने दिली तेव्हा ती मार्कांसाठी दिली नव्हती. पुढे जे. जे.ला जायचं होतं, घरून नाही म्हणाले. बाईंनी आईचं नाव लिहिलं, खाली 'इंटरमिजिएट, ए ग्रेड' लिहिलं आणि मग सही केली. आरशातली झाली ती हीच.

आई म्हणाली, लोकांना काय सांगत फिरतेस. कॅटलॉग मात्र साड्यांच्या कपाटात गेला, प्लॅस्टिकच्या पिशवीत. बाहेर काढायला बंदी.

यंदा जानेवारीत ती पहिल्यांदा माझ्यासोबत आली. चर्चगेटला उतरून ओव्हल मैदानाच्या कडेने चालत. जिन्यावर दोनदा थांबली, म्हणाली गुडघा. दार उघडंच होतं. आत ती एका चित्रासमोर इतका वेळ उभी राहिली की तिथल्या मुलीने खुर्ची आणून दिली, ती काही बसली नाही. निघताना दाराजवळ अभिप्रायाची वही होती. आईने चष्मा लावला, पेन घेतलं आणि मला बाजूला व्हायला सांगितलं. ती पुढे गेल्यावर मी वाचलं. नाव, बोरिवली पश्चिम, आणि खाली शाळेतल्या ठळक अक्षरात: 'रेषेवर हात चांगला आहे. उजव्या भिंतीवरची चित्रे चार इंच खाली लावावीत.'